कर भरायला बसताना आंघोळ करून बसा

पूर्वी आगाऊ कर (वर्ष संपायच्या आतच हप्त्यांनी भरायचा आयकर) भरायचा म्हणजे चेकवर ‘युअरसेल्फ’ लिहा, चलन भरा, बँकेत रांगेत उभे राहा. मग काउंटरवरच्या बाई शिक्का मारून काउंटरफॉइल फाडून देणार. चेक वटला की तो ज्या दिवशी दिला तीच कर भरल्याची तारीख धरायचे. काय हा मागासलेपणा! आता सगळं घरबसल्या. फक्त थोडी पूर्वतयारी हवी.

१५ डिसेंबरचा हप्ता चुकूनही १५ डिसेंबरला भरू नका.

आकारणी वर्ष निवडताना स्वतःच्या अकलेवर जाऊ नका. कमाई २०२५-२६ ची, निवडायचं २०२६-२७. एप्रिल २०२६ पासूनच्या कमाईला नुसतं ‘कर वर्ष’. त्याआधीच्या कमाईला बोटं मोजा.

मोबाइल चार्ज करून देवापुढे ठेवा. ओटीपी आला तर तिथेच येईल.

आता पैसे भरण्याचं बटण दाबा आणि हात मांडीवर ठेवा. ‘रिफ्रेश करू नका, मागे जाऊ नका.’ मी परवा अकरा मिनिटं माउसला हात लावला नाही. पांढरा पडदा, मधे फिरणारं चाक. मग टिंग! खात्यातून ४२,००० वजा. आणि पडद्यावर? सेशन संपलं. चलन नाही, बीएसआर कोड (बँकेच्या शाखेचा क्रमांक) नाही, काही नाही. बँकेला फोन लावला. (नाव लिहीत नाही, खातं अजून तिथेच आहे.) “सर, आमच्याकडून पैसे गेलेत.” कुठे गेले? “ते आम्हाला दिसत नाही, सर. तीन वर्किंग डेज थांबा.” थांबतो की! पण हप्ता एक दिवस चुकला तरी कमी पडलेल्या रकमेवर महिना १ टक्क्याने तीन महिन्यांचं व्याज लागतं. ते कोण भरणार, तुमचे तीर्थरूप? “तोपर्यंत पुन्हा भरून बघा ना, सर.” पुन्हा! बेचाळीस हजार म्हणजे काय मोबाइलचा रिचार्ज आहे?

सल्ले गेले खड्ड्यात. काउंटरवरच्या बाई पगार घेऊन करायच्या ते काम, बँकवाल्यांनो, तुम्ही आमच्या गळ्यात मारलंत. बरं, केलं आम्ही. पण पैसे कापायला एक क्षण आणि पावतीला तीन दिवस, हे कुठलं गणित? चलन देता येत नसेल तर रक्कम कापू नका. आणि फोनवर त्या बिचाऱ्या पोराला पुढे करून स्वतः आत लपून बसू नका.