कमानीवर कुणाची नावं?

गावच्या वेशीवर कमान बांधायची आणि तिच्या खांबाला काळ्या दगडावर फौजींची नावं कोरायची, इथपर्यंत एकमत होतं. वर्गणीचा आकडा निघाला तरी कुणी उठून गेलं नाही, आमच्या कट्ट्यावर हे नवलच. आम्ही सगळे एकाच गावचे, पोटापाण्यासाठी साताऱ्यात आलेले. संध्याकाळी पोवई नाक्याजवळ बसतो. भांडण लागलं ते यादीवरून.

विनयचं म्हणणं, फक्त शहिदांची नावं घ्या. "दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर 25 हजारांहून जास्त नावं आहेत, सगळी स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्यांची. तसंच करू. सुटसुटीत."

"म्हंजे मी जिता परत आलो ही माझी चूक?" दत्ता म्हणाला. हा 24 वर्षं मराठा लाइट इन्फंट्रीत काढून हवालदार म्हणून पेन्शनीत आला. आता एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा असतो. "26 जानेवारीला स्टेटसला सलाम ठोकतोस आणि 27 ला फोन करतोस, कँटीनमधनं रम मिळंल का!"

सगळे हसले. ज्यांनी रम मागवली होती ते जरा कमी हसले.

दत्ताला नुसतं स्वतःचं नाव नको होतं. पल्टणीत लंगरवर राबलेला, जवानांची दाढी-कटिंग केलेला, कपडे धुतलेला, सगळे यादीत हवेत, हा त्याचा हट्ट. आमच्या गावचा एक न्हावी अशीच नोकरी करून परतला होता. त्यानं कुठं गोळी झाडली, असं कुणीतरी पुटपुटलं. दत्ता म्हणाला, "बर्फात सहा महिने वरच्या पोस्टवर बसून बघ, मग कळंल गरम जेवणाची किंमत काय असती." यावर बोलण्यासारखं कुणाकडेच काही नव्हतं.

खरी गाठ पुढं होती. बापूंनी हळूच त्यांच्या आजोबांच्या थोरल्या भावाचं नाव पुढं केलं. पहिल्या महायुद्धात गेला, परत आला नाही. घरात एवढंच सांगतात, "बसऱ्याला गेला तो गेला." बसरा म्हणजे इराकात, तिथं इंग्रजांची फौज तुर्कांशी लढत होती.

मास्तर उसळले. "बापू, ते इंग्रजांचे शिपाई. तुर्कांनी आपलं काय घोडं मारलं होतं? ज्या जिल्ह्यात नाना पाटलांनी प्रतिसरकार उभं केलं, तिथं आपण गोऱ्यांच्या फौजेची नावं कोरायची?"

बापू पंचाहत्तरीचे. आवाज चढवत नाहीत. "मास्तर, आमचा एक चुलता पत्री सरकारच्या माणसांना रातच्याला भाकरी पोचवायचा. त्याच टायमाला दुसरा इटलीत जर्मनांवर गोळ्या झाडत व्हता. आमची आजी दोघांनाबी शिव्या घालायची. रान कोण नांगरणार, म्हणून."

मास्तरांचा मुद्दा मला अर्धा पटतो. ती लढाई आपली नव्हती, तिला देशसेवेचा मुलामा देण्यात अर्थ नाही. पण त्या काळी शिपायाचा पगार महिना 11 रुपये होता आणि माण-खटावच्या रानात पाऊस पडला तर पडला. त्या पोरानं साम्राज्य बघितलं नसेल, मनीऑर्डर बघितली असेल. आभार मानायचे की नाही हे मागाहून ठरवू, माणूस आपल्या गावचा होता एवढी नोंद तरी नको का? पलीकडं अपशिंग्यात पहिल्या महायुद्धात 46 जण गेले. त्यांचा स्मृतिस्तंभ आजही उभा आहे आणि गाव नावापुढं 'मिलिटरी' लावतं. रायगडच्या माणगावात यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. 10 जुलै 1944 ला इटलीत लढताना ते पडले, व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्यपदक इंग्रजांनीच दिलं, आणि त्यांना गोऱ्यांचा चाकर म्हणायची कुणाची छाती होत नाही. मास्तरांची तर मुळीच नाही, हे मी बोलून दाखवलं. त्यांनी चहा मागवला.

तोवर विनय मोबाइलवर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी चाळत होता. दोन्ही महायुद्धांत इंग्रजांच्या बाजूनं मेलेल्यांची नोंद हा आयोग ठेवतो. म्हणाला, "हे ऐका. बसऱ्याच्या स्मारकात 40 हजारांहून जास्त मृतांची नोंद आहे. गोरे सगळे नावानिशी. आपले अधिकारीही नावानिशी. आपल्या साध्या शिपायांचा मात्र पल्टणीगणिक नुसता आकडा कोरलाय. 2021 साली आयोगानं या भेदभावाची माफी मागितली." आणि 1997 मध्ये सद्दाम हुसेननं ते आख्खं स्मारक उचलून बसऱ्याबाहेर, नासिरियाच्या रस्त्यावर 32 किलोमीटरवरच्या वाळवंटात नेलं, हेही त्यानं वाचून दाखवलं.

"म्हंजे त्या आकड्यात आमचा एक असंल," बापू म्हणाले.

मास्तरांनी कपाकडं बघितलं. "अधिकाऱ्यांची नावं आणि शिपायांचा आकडा?"

"व्हय. आणि आपण इथं काय करतोय मगापासनं?" दत्तानं विचारलं.

मग शोधाशोध सुरू झाली. नाव-आडनाव एकच असलेले ढिगानं निघाले. काही नोंदींत बापाचं नाव आणि गावही होतं, पण बापूंना पणजोबांचं नाव आठवेना. त्यांनी नव्वदीच्या आत्याला फोन लावला. आत्यानं नाव सांगितलं, वर विचारलं, "पेन्शन मिळतीया का काय आता?"

अखेर यादी ठरली ती अशी: कामी आलेले, परतलेले, लंगरवाले, न्हावी, 1947 च्या आधीचे, सगळे. मास्तरांनी एक अट घातली, 1947 च्या आधीच्या नावांपुढं ते कोणत्या फौजेत होते हे स्पष्ट लिहायचं. बापू लगेच हो म्हणाले, खरं ते लिवा. विनयनं हिशेब केला. दगडावर कोरणारा अक्षराप्रमाणे पैसे घेतो, वर्गणी वाढणार. तेव्हा मात्र दोघं उठून गेले.

राहिलेल्यांत आता नवा वाद पेटलाय, नावाआधी हुद्दा लिहायचा की नाही. दत्ता म्हणतो, नको, नाहीतर सुभेदाराच्या घरचे वरच्या ओळीसाठी भांडतील. मास्तर म्हणतात, मग अकारविल्हे लावा. बापू म्हणतात, भरती झालेल्या सालाप्रमाणं लावा, म्हंजे आमचा पहिला येतो.