स्प्रे मारून कार्बोरेटर ‘साफ’ होत नाही

पावसाळी मासेमारी बंदी उठायची वेळ आली की किनाऱ्यावरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक सल्ला फिरू लागतो. ‘जुनी टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे लावायची) मोटार अडखळत असेल तर कार्बोरेटर खोलत बसू नका. मोटार चालू ठेवून त्याच्या तोंडात क्लीनर स्प्रे मारा. फारच झालं तर खालची वाटी काढून जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात) तार फिरवा, पॅकिंग फाटलं तर सिलिकॉन लावा आणि स्लोचा (रेस न देता मोटार चालते त्याचा) स्क्रू दीड फेरा सोडा. दहा मिनिटांत मोटार नव्यासारखी.’ वाचायला छानच आहे. करायला मात्र एकेक गोष्ट महागात पडणारी आहे.

आधी स्प्रेचं बघू. 1 जून ते 31 जुलै होडी शाकारून ठेवलेली असते आणि कार्बच्या वाटीत जुनं पेट्रोल तसंच राहिलेलं असतं. त्यातला हलका भाग उडून जातो, मागे चिकट थर उरतो. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं. पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉलसकट वेगळं होऊन तळाला बसतं, आणि वाटीतली अ‍ॅल्युमिनियमची बाजू पांढरट भुकटी धरते. म्हणजे घाण आहे वाटीत आणि स्लोच्या बारीक वाटांमध्ये. तोंडात मारलेला स्प्रे तिकडे जातच नाही, तो हवेबरोबर थेट क्रँककेसमध्ये (पिस्टनखालच्या पेटीत) जातो. टू-स्ट्रोकला खाली ऑइलची वेगळी टाकी नसते. पेट्रोल-ऑइलच्या 50:1 मिश्रणात लिटरमागे 20 मिली ऑइल असतं, आणि तेवढ्यावरच क्रँकचे बेअरिंग आणि पिस्टन दिवस काढतात. स्प्रे नेमका तोच पातळ थर धुऊन काढतो.

‘पण मारल्यावर मोटार सुरू झाली ना!’ झाली असेल. खरा धोका तिथेच आहे. स्लोला मोटार पायलट या लहान जेटवर चालते, त्यामुळे पूर्ण रेसचं मेन जेट अर्धं तुंबलेलं असलं तरी जेटीवर आवाज गोड येतो. खाडीच्या तोंडाबाहेर गेल्यावर पूर्ण रेस दिली की पेट्रोल कमी पडतं, आणि ऑइल पेट्रोलमध्येच असल्याने तेही कमी पडतं. उष्णता वाढते, वंगण घटतं आणि पिस्टन घासत घासत सिलिंडरमध्ये जाम होतो. मुळीच सुरू न होणारी मोटार यापेक्षा परवडली, निदान ती किनाऱ्यावरच राहते.

दोष कार्बचाच आहे का, हे खोलण्याआधी बघता येतं. रेसमध्ये मोटार दमायला लागली की पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबा. तेवढ्याने उचल घेतली तर पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा डायफ्रॅम (लवचीक पडदा), फिल्टर, नळी किंवा टाकीच्या झाकणावरचा बंद राहिलेला हवेचा स्क्रू आधी बघा. फुग्याने फरक पडला नाही, पण चोक किंचित ओढल्यावर सुधारली, तर जेट बघायची वेळ आली.

तारेबद्दल फार वाद घालायला नको, गणितच पुरे. जेट पितळेचं असतं, मऊ. त्याच्या भोकाच्या मापावर सगळं ठरतं. 1 मिमीचं भोक तारेने घासून 1.1 मिमी झालं तर व्यास दहा टक्के वाढला, पण क्षेत्रफळ 21 टक्के वाढलं. मोटार धूर ओकते, प्लग काळे पडतात, पेट्रोल जास्त जातं, आणि मग दोष दिला जातो पेट्रोलला.

स्प्रे वापरायचाच तर कार्ब खाली उतरवून. जेट, फ्लोट (वाटीतला तरंगता तुकडा), निडल (वाटी भरली की पेट्रोल थांबवणारी सुई), रबरी ओ-रिंगा सगळं काढायचं (रबरासकट केमिकलमध्ये बुडवणारेही आहेत, मग ते रबर फुगतं), डोळ्यांवर चष्मा लावायचा आणि पायलटच्या वाटेत नळी टेकवून मारायचं. थ्रॉटलच्या पाकळीजवळ जी दोन-तीन सुईएवढी भोकं दिसतात, त्या प्रत्येकातून धार बाहेर आली पाहिजे. एकातून जरी फक्त ओल आली, तरी पुन्हा भिजवा, पुन्हा हवा मारा. मेन जेटच्या वरच्या नळीला आडवी बारीक भोकं असतात, ती उजेडाकडे धरून बघा. कार्ब साफ झाला की नाही ते इथे कळतं.

सिलिकॉनचं थोडक्यात: साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं, त्याचे तुकडे सुटतात आणि आत्ताच साफ केलेल्या जेटमध्ये जाऊन बसतात. कार्बच्या दुरुस्तीचं किट आणा. त्यात पॅकिंग, ओ-रिंगा आणि बहुधा निडलही येते. जुन्या निडलच्या टोकावर नखाला लागेल अशी गोल खाच पडलेली असते, त्यामुळे वाटी भरली तरी पेट्रोल थांबत नाही आणि मोटार फ्लड होते (जास्त पेट्रोलने गुदमरते). निडल बदलली की फ्लोटची उंची मोजावीच लागते. कार्ब उलटा धरून, फ्लोट स्वतःच्या वजनावर टेकवून, मोटारीच्या पुस्तकातल्या मापाशी ताडून बघायची.

राहिला दीड फेरा. सगळ्या मोटारींना लागू असा आकडाच नसतो. स्क्रू काढण्याआधी हलक्या हाताने आत बसवायचा आणि किती फेरे गेला ते खडूने लिहून ठेवायचं. जोर लावला तर त्याच्या टोकाला आणि बैठकीला कायमची खाच पडते. पुस्तकातला आकडा ही फक्त सुरुवात. शेवटची जुळणी होडी पाण्यात असताना, गिअर टाकून, मोटार गरम झाल्यावरच करायची. पाण्याने भरलेल्या ड्रममध्ये मोटारीवर भार नसतो, तिथे शांत लावलेला स्लो गिअर टाकताच बंद पडतो. आणि ड्रमसुद्धा नसेल, तर कोरडी मोटार मिनिटभरही फिरवू नका, पाण्याच्या पंपाचं रबरी इम्पेलर त्यातच जातं.