सभा अर्धा तास तहकूब

सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस लिफ्टशेजारी लागली आहे. तळाला नेहमीची ओळ: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने होईल व त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. थोडक्यात, आपण येणार नाही हे सेक्रेटरींनी आधीच छापून ठेवलंय! गेल्या वर्षी ४८ फ्लॅटमधून ११ जण आले. पार्किंगचे पैसे वाढवायचा ठराव, सूचक-अनुमोदकासकट, सात मिनिटांत मंजूर. मग वर्षभर ग्रुपवर 'कमिटी मनमानी करते'. मीही लिहिलं होतं. त्या वेळी मी घरी मॅच बघत होतो, ते तेवढं लिहिलं नाही.

अशा वेळी मला मेंढा (लेखा) आठवतं. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं गोंड आदिवासींचं लहानसं गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा भाषणांत सगळे वापरतात, त्यामागच्या बैठका कुणी सांगत नाही. तिथे हात वर करून मोजणी नाही, सर्वसहमती लागते. एकमत होईना तर विषय पुढच्या सभेला. कंटाळा येत असणारच. शिवाय अभ्यासगट वेगळा. विषय समजून घ्यायला लोक आधी बसतात, बाहेरच्या जाणकारांनाही बोलावतात, पण निर्णय ग्रामसभेचाच.

वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कागद आला, पण तोडलेला बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचाच! एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले, तेव्हा कुठे परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. मला विचाराल तर स्वशासन म्हणजे ते पुस्तक. कुणाच्या सहीने गाडी सुटते, एवढंच बघायचं.

आता आमची गंमत बघा. सहकार कायद्यात संस्थेचा अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेलाच आहे, म्हणजे आमचं पुस्तक पहिल्या दिवसापासून आमच्याच खिशात. उघडत मात्र कुणी नाही.

मान्य, ४८ फ्लॅटांत सर्वसहमती अशक्य आहे. आमच्याकडे कुत्र्यांना खायला घालण्यावरून दोन मजले एकमेकांशी बोलत नाहीत. मेंढ्याचं पोट जंगलावर, आमचं सोसायटीवर नाही.

तरी यंदा टँकरच्या बिलांचा तपशील मी लेखी मागितलाय. रविवारी दहाला जाणार आहे, साडेदहाला नाही. बायकोने एवढंच विचारलं, "शेवटपर्यंत बसशील का पण?"