हात मोडला, प्लास्टर झालं. हाडांचं काय?

साठीची बाई ओट्यावरून उतरताना घसरते, हात टेकते, मनगट मोडतं. जळगावला नाहीतर धुळ्याला एक्स-रे, प्लास्टर, दीड महिन्याने ते निघतं आणि विषय संपतो. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडलं म्हणजे ते आधीच ठिसूळ असण्याची दाट शक्यता, हे कार्डावर कुणीच लिहीत नाही. पुढचं हाड खुब्याचं असतं. ही चूक आपण प्राथमिक आरोग्य केंद्रातच थांबवू शकतो.

हाडांची घनता मोजणारं डेक्सा मशीन तालुक्याला नाही, हे कारण मला पटत नाही. पन्नाशीनंतर साध्या पडण्याने खुबा किंवा मणका मोडला असेल तर उपचारासाठी टी-स्कोअरची (डेक्साने मिळणाऱ्या घनतेच्या आकड्याची) वाट बघायची नसते. बाकी पाळी गेलेल्या बायांसाठी सोपं गणित आहे: किलोतल्या वजनातून वय वजा करा, 5 ने भागा. 42 किलो, 65 वर्षं: उणे 4.6. उणे 4 च्या खाली आलेल्यांना डेक्साला आधी पाठवा. भिंतीला टाचा लावून उभं केल्यावर डोकं भिंतीला टेकत नसेल, किंवा "साडी पायात यायला लागली" (म्हणजे उंची कमी झाली) असं ती म्हणत असेल, तर मणका दबलाय का ते एक्स-रेत बघा. शिबिरात टाचेवर मशीन लावून मिळालेल्या आकड्यावर मात्र निदान करू नका.

"माय, कंबर दुखस" म्हटलं की दुखण्याचं इंजेक्शन, एवढ्यावर भागत नाही. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या चालू आहेत का, ते विचाराच. त्यात स्टेरॉइड असू शकतं, आणि रोज 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन तीन महिने घेतलं तरी हाडं पोखरतात. पुडी एकदम बंद करायला मात्र सांगू नका, डोस हळूहळू उतरवावा लागतो.

बसल्यावर उठता येत नाही, चाल बदकासारखी, रक्तातलं अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं, असं असेल तर हाडं मऊ पडलेली असू शकतात. तिथे आधी ड जीवनसत्त्व: 60,000 युनिट आठवड्याला एकदा, आठ आठवडे. रक्तातलं कॅल्शियम कमी असताना ॲलेंड्रोनेट (ठिसूळ हाडांवरची गोळी) दिलं तर ते आणखी उतरतं. मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिनही बघा, त्यावरून निघणारा ईजीएफआर (मूत्रपिंड किती काम करतं त्याचा आकडा) 35 च्या खाली असेल तर ही गोळी नको.

ॲलेंड्रोनेटची गोळी फुकट जाते ती घेण्याच्या पद्धतीमुळे. 70 मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, उठल्या उठल्या उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्यासोबत. नंतर अर्धा तास चहा नाही, आडवं पडणं नाही, नाहीतर अन्ननलिका जळते. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नको, ती जेवणासोबत. पाच वर्षांनी गरज पुन्हा तपासायची. मधेच मांडी दुखू लागली तर लगेच दाखवायचं. डेनोसुमॅब हे हाडांसाठीचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी. ते चुकलं तर मणके मोडू शकतात, म्हणून पुढची तारीख आशाताईंच्या वहीत हवी.

आणि गोळीचा वार विसरू नये म्हणून गावचा आठवडे बाजार ज्या वारी, तोच वार ठरवून द्या.