तिरका स्वल्पविराम

संदर्भसूची शेरा घेऊन परत आली. नियतकालिकाच्या नावापुढचा स्वल्पविराम सरळ आहे, तिरका करा. स्वल्पविराम जन्मतःच वाकडा असतो, त्याला आणखी किती वाकवायचा?

पण नियम खरा आहे. एपीए या संदर्भ द्यायच्या पद्धतीच्या सातव्या आवृत्तीत नियतकालिकाचं नाव, त्यापुढचा स्वल्पविराम आणि खंड क्रमांक हे सगळे तिरके. खंडाला चिकटून कंसात अंक क्रमांक, तो मात्र सरळ. मग पृष्ठांक, 'पृ.' न लावता. शेवटी डीओआयची, म्हणजे लेखाच्या कायमच्या डिजिटल ओळख क्रमांकाची लिंक, आणि तिच्यामागे पूर्णविराम नाही, कारण टिंब लिंकमध्ये घुसलं की पान उघडत नाही. माझ्या ४२ नोंदींत टिंबं घुसलेल्या १९ निघाल्या.

म्हणून कॉलेज रोडवरच्या डीटीपीच्या दुकानात बसले होते. शेजारी शेताचा उतारा झेरॉक्स करायला आलेले एक काका.

"मॅडम, एमएलए ठेवू का एपीए?" ऑपरेटरनं विचारलं.

काका ताठ झाले. "एमएलएकडं काम हाय व्हय? आदी सांगायचं की पोरी. आपली ओळख हाय."

"ही संदर्भ द्यायची पद्धत आहे, काका. हिच्यात लेखाचं नाव अवतरणात घालतात, खंड, क्रमांक, पृष्ठ असं लिहून दाखवतात."

काकांनी पडद्यावरचं '१२(३), ४५–६०' निरखलं. "ह्यात काय अवघड? बारा सर्व्हे नंबर, तीन हिस्सा, पुढं चतुःसीमा."

दोन वर्षांत मला कुणी इतकं स्वच्छ समजावलं नव्हतं.

"मग ह्येचा हिस्सा कुठाय?"

"दिवाळी अंक आहे तो. खंड नाही, अंक क्रमांक नाही."

"म्हंजे गायरान."

गायरानाला कंसात '२०१२, दिवाळी' लिहून भागतं. जुनी मासिकं त्याहून खट्याळ. मुखपृष्ठावर 'वर्ष ३०, अंक ४' असतं. ते वर्ष म्हणजे खंड, साल नव्हे. साल खाली शके घालून बसलेलं, त्यात ७८ मिळवा, आणि पौषापाशी पुन्हा अडखळा, कारण इंग्रजी साल तिथंच कुठंतरी बदलतं.

"आणि गाव? बेळगाव लिवलंस का बेळगावी?"

दुकान गप्प. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी कागदावर बेळगावचं बेळगावी झालं, तेव्हापासून हा प्रश्न इथं कुणी सहज विचारत नाही.

"लेखाला गाव लागत नाही, काका. या आवृत्तीनं पुस्तकाचंसुद्धा प्रकाशनाचं गाव काढून टाकलंय."

"गावच नको? मग आमी १९५६ पासनं भांडूलोय ते कशाला?"

याचं उत्तर नियमपुस्तिकेत नव्हतं. तसं तर आमचं काहीच तिच्यात नाही. लेखाच्या शीर्षकात कुठलं अक्षर मोठं, कुठलं लहान यावर तिथं पानंच्या पानं. आमच्या लिपीत सगळी अक्षरं एकाच शिरोरेषेला लटकलेली. तिरकी केली तर ओळ घसरल्यासारखी दिसते. तरी गुण कापायचे ते तिरकेपणावरच. लेख मी खरंच वाचला का, हे अजून एकानंही विचारलेलं नाही.

प्रिंट आली. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांशी धरला.

"ह्यातला तिरका कुठला?"

मलाही दिसेना.