टॉकबॅक बंद करा म्हणे! का म्हणून?

"अंध व्यक्तींच्या मोबाईलमधला टॉकबॅक ताबडतोब बंद करा. तो घरातलं बोलणं ऐकतो, ओटीपी मोठ्याने सांगतो. फोन तोंडी हुकमावर चालतोच, मग टॉकबॅक कशाला? त्याला मराठीही येत नाही. अंधांचे बँकेचे व्यवहार घरच्यांनीच करावेत." गोव्यातल्या प्रत्येक ग्रुपवर हा मेसेज फिरतोय. डिचोलीत माझ्या मावसभावाने तो वाचला आणि मावशीच्या फोनवरचा टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारी अँड्रॉइड फोनमधली सोय, काढून टाकला. मावशीला दिसत नाही. तेव्हापासून तिला स्वतः कुणाला फोन लावता येईना, म्हणून मी चिडून हे लिहितेय.

टॉकबॅकचं काम ऐकणं नाही, वाचणं. पडद्यावर बोट फिरवलं की बोटाखाली काय आहे ते तो सांगतो, दोनदा टॅप केलं की ते उघडतं. मायक्रोफोन लागतो तो तोंडी आज्ञा द्यायला किंवा बोलून टाईप करायला.

ओटीपीचं थोडं खरं आहे. आवाज मोठा ठेवला तर कदंबा बसमध्ये शेजारच्यालाही ऐकू जाईल. त्यावर उपाय एका कानात इअरफोन, दुसरा कान रस्त्यासाठी मोकळा. शिवाय पडदा पूर्ण काळा ठेवूनही टॉकबॅक चालतो, म्हणजे डोकावणाऱ्याला काहीच दिसत नाही. आणि हो, लिंकवरून आलेलं भलतंच ॲप अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी, म्हणजे पडदा वाचायची आणि फोन चालवायची मुभा, मागत असेल तर देऊ नका, त्यातून फसवणूक होते. पण तो दोष त्या ॲपचा.

"तोंडी हुकूम पुरे" म्हणणाऱ्याने डोळे मिटून बँकेचं ॲप चालवून बघावं. "आईला फोन लाव" हे सांगता येतं, पण समोर आलेल्या चौकटीत काय लिहिलंय ते वाचून कोण दाखवणार?

मराठी येतं. गुगलचा मराठी आवाज फोनमध्ये घालता येतो. अडतं ते आपण रोमन अक्षरांत मराठी-कोंकणी लिहितो तेव्हा. मराठी देवनागरीत लिहा, नीट वाचतो.

आता शेवटचं वाक्य, जे मला सगळ्यात घातक वाटतं. घरच्यांनी व्यवहार करायचे म्हणजे पिन घरच्यांना सांगायचा, शिल्लक त्यांनी सांगितली ती खरी मानायची. बँका पिन कुणालाही सांगू नका म्हणून कंठशोष करतात, त्यात अंध माणूस वगळलेला नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. प्रश्न होता केवायसीचा, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याचा: कॅमेऱ्यासमोर पापण्यांची उघडझाप करून दाखवायची अट ज्यांना जमूच शकत नाही त्यांनी खातं उघडायचं कसं? अर्जदारांपैकी एक स्वतः दृष्टिहीन होते. न्यायालयाने अशांना घरच्यांच्या हवाली केलं नाही, केवायसीची पद्धत बदलायला सांगितलं.

ज्यांनी कुणाचा टॉकबॅक बंद केलाय त्यांनी आजच सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी उघडून तो चालू करावा. शॉर्टकटही लावून द्या, म्हणजे आवाजाची दोन्ही बटणं काही सेकंद एकत्र दाबली की तो त्यांचा त्यांना चालू करता येईल.