तीन महिन्यांत रक्त ‘बदलतं’ म्हणे

आमच्या घरच्या ग्रुपवर मामेभावाने परवा पुन्हा तोच मेसेज टाकला: “दर तीन महिन्यांनी शरीर जुनं रक्त टाकून नवं बनवतं. त्या दिवसांत बीटाचा रस घ्या, नवं रक्त शुद्ध होईल. रक्तदानाने अशुद्ध रक्त निघून जातं.” खाली मामांनी हात जोडले, म्हणून हे लिहितोय.

तीन महिन्यांचा आकडा अगदीच हवेतला नाही. तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते. अमेरिकेतल्या डेव्हिड शेमिन या शास्त्रज्ञाने 1940 च्या दशकात जड नायट्रोजन (नेहमीच्याहून वजनदार, म्हणून वेगळा ओळखू येणारा) घातलेलं ग्लायसिन हे अमिनो आम्ल स्वतःच खाल्लं आणि ती खूण रक्तात किती टिकते ते पाहिलं. हिशेब आला 127 दिवसांचा. पण हे वय एकेका पेशीचं. सगळं गाव काही एकाच दिवशी म्हातारं होत नाही. रोज टक्काभर पेशी जातात, तेवढ्याच येतात, सेकंदाला वीसेक लाख. म्हणजे ‘ते दिवस’ असे काही नसतातच. प्लेटलेट तर आठ-दहा दिवसांतच संपतात.

“टाकून” हा शब्द मला जास्त खटकला. थकलेली पेशी प्लीहेत आणि यकृतात भक्षक पेशी गिळतात, आणि तिच्यातलं लोह सोडवून पुन्हा अस्थिमज्जेकडे, म्हणजे हाडांतल्या रक्त बनवणाऱ्या मगजाकडे, रवाना होतं. नव्या पेशींसाठी रोज 20 ते 25 मिलिग्रॅम लोह लागतं. जेवणातून अंगी लागतं जेमतेम 1-2. बाकी सगळं जुन्या पेशींतलंच, भंगारवालाही इतकं काटेकोर वेचत नाही. उरलेल्या रंगद्रव्याचं काय होतं ते आपण पाहिलेलंही असतं: पलंगाच्या कोपऱ्यावर नडगी आपटली की डाग आधी काळानिळा, मग हिरवट, मग पिवळा. तो पिवळा म्हणजे बिलिरुबिन. एरवी ते पित्तातून आतड्यात उतरतं, आणि शौचाचा तपकिरी रंग त्याच्यामुळेच. टाकायचं ते शरीर रोज सकाळी टाकतं, तिमाहीची वाट बघत नाही.

बीटाचा लाल रंग बीटालेनचा, लोहाशी त्याचं नातं नाही. शंभर ग्रॅममध्ये लोह मिलिग्रॅमभरही नसतं. कोशिंबीर खुशाल खा. पण हिमोग्लोबिन कमी असेल तर कारण शोधायला हवं. नंदुरबार-गडचिरोलीकडे सिकलसेलचे रुग्ण आहेत, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराचे. त्यांच्या पेशी 10-20 दिवसांतच मोडतात. तिथे रस काय करणार?

आणि रक्तदानातलं रक्त अशुद्ध असतं, तर ते आजारी माणसाला चढवलं असतं का? पुरुषांना 90 आणि बायकांना 120 दिवसांचं अंतर सांगतात ते कमीत कमी अंतर आहे, सफाईचं वेळापत्रक नव्हे. एका पिशवीबरोबर 200 ते 250 मिलिग्रॅम लोह जातं. पाणी दोन दिवसांत भरून निघतं, लोहाला महिने लागतात.

मामांनी पासष्टी ओलांडलीय, रक्तपेढी त्यांना घेणार नाही. मेसेज टाकणाऱ्या चिरंजीवांनी मात्र रविवारी यावं, मी गाडी घेऊन येतो.